शाश्वत कृषिपद्धती, उल्हास खोऱ्यातील

जमीन, पाणी, वनस्पती, पशुधन व मनुष्यश्रम यांचा मेळ घालून, या साधनांचा मूळ साठा न घटवता, पिढ्यान्‌पिढ्या पुरेसे उत्पादन व उत्पन्न देत राहणाऱ्या शेतीच्या रचनेस ‘शाश्वत कृषिपद्धती’ असे म्हणतात. अशा पद्धतीस अतिवृष्टी, पूर, पावसाचा खंड, कीड, बाजारभावातील पडझड यांसारखे आघात सोसून पुन्हा पूर्वपदावर येता आले पाहिजे; या गुणास ‘लवचिकता’ ही संज्ञा वापरतात. परिस्थितिविज्ञानात ही संकल्पना कॅनडातील शास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये मांडली. शाश्वत विकासाची कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ मधील अहवालामुळे सर्वतोमुखी झाली. या दोन्ही कल्पना परस्परपूरक असल्या, तरी एकच नव्हेत. एकाच पिकावर विसंबलेली शेती चांगल्या हंगामात भरपूर पिकूनही एका पुराने कोलमडू शकते; उलट तग धरून राहणारी शेती इतके अल्प उत्पन्न देत असेल की, शेतकऱ्याची पुढची पिढी ती सोडून देते. कृषिपद्धतीची आखणी करताना दोहोंचा तोल साधावा लागतो. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या नगरांचा परिसर म्हणजे उल्हास नदीच्या खोऱ्याचा मधला भाग होय. झपाट्याने वाढणारी नगरे, रासायनिक उद्योग, पूर आणि जुनी भातशेती हे सर्व तेथे काही किलोमीटरांच्या अंतरात एकत्र आल्याने हा प्रश्न तेथे विशेष तीव्रतेने उभा राहतो.

प्रदेश व हवामान : उल्हास नदी सह्याद्रीत लोणावळा-खंडाळ्याजवळ राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर व कल्याण यांवरून वाहत जाते व वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते. पेज, बारवी, काळू व भातसा या तिच्या उपनद्या होत. वालधुनी ही लहान नदी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते आणि अंबरनाथचे शिवमंदिर (इ. स. १०६०) व उल्हासनगर यांवरून वाहत जाऊन कल्याणजवळ उल्हासला मिळते. पावसाचे वार्षिक मान सु. २,५०० मिमी. किंवा त्याहून अधिक असून तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने बहुतेक कोरडे जातात. त्यामुळे येथील शेतीपुढे वर्षातून दोनदा परस्परविरुद्ध प्रश्न उभे राहतात : पावसाळ्यात पाण्याचा निचरा व उन्हाळ्यात पाण्याची टंचाई.

खोऱ्याच्या वरच्या भागात या नियमास एक अपवाद आहे. भीमेच्या खोऱ्यातील आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडी धरणातून सह्याद्रीच्या पश्चिमेस वळवून भिवपुरी येथील जलविद्युत्‌ केंद्रात (१९२२) वापरले जाते व तेथून ते पेज नदीवाटे उल्हासला मिळते. या पाण्यावर राजनाला कालव्याच्या लाभक्षेत्रात कर्जत तालुक्यात उन्हाळी भाताचे पीक निघू शकते आणि उल्हास नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. खालच्या नगरांचा पाणीपुरवठा मुख्यतः याच प्रवाहावर आणि बारवी धरणावर (१९७२) अवलंबून आहे.

पारंपरिक पद्धती : खोऱ्यातील जमिनीचे शेतकरी स्थूलमानाने तीन प्रकार करतात. नदीकाठच्या व सखल भागातील बांधबंदिस्त ‘खाचरे’ भातासाठी, डोंगरउतारावरील हलकी ‘वरकस’ जमीन नाचणी, वरी व गवत यांसाठी आणि कल्याणच्या खाली खाडीलगतची क्षारयुक्त ‘खार जमीन’ क्षारसहिष्णू भातासाठी वापरली जाते. भाताच्या जाती पक्व होण्याच्या काळावरून हळव्या, निमगरव्या व गरव्या अशा ओळखल्या जातात. उंचावरच्या, लवकर पाणी सोडणाऱ्या खाचरांत हळवे भात आणि खोलगट, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरांत गरवे भात लावण्याचा प्रघात आहे. भाताच्या कापणीनंतर जमिनीतील ओलीवर कडवे वाल, हरभरा, मूग यांसारखी कडधान्ये घेतात. वालाच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करीत असल्याने पुढच्या भातास त्याचा लाभ होतो. पेंढा गुरांना, शेण खाचराला व बांधावरची झाडे सरपणाला, असे हे चक्र होते.

या चक्रातील सर्वांत वादग्रस्त दुवा ‘राब’ हा होता. रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या व माती यांचे थर रचून ते पावसाळ्यापूर्वी जाळतात. त्यामुळे तणांचे बी मरते व राखेतून पोटॅश इ. खनिजे रोपांना मिळतात. परंतु सेंद्रिय द्रव्य व नायट्रोजन जळून जातात आणि फांद्यांसाठी जंगलाची छाटणी करावी लागते. ब्रिटिश वनखात्याने या छाटणीवर निर्बंध घातल्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष पसरला व मुंबई सरकारला १८८५ मध्ये त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. शेतकऱ्याच्या हाती पर्याय न देता केवळ बंदी घातल्यास ती टिकत नाही, हा या इतिहासातील बोध आजच्या नियोजनासही लागू पडतो.

बदलाची कारणे : दुसऱ्या महायुद्धकाळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ येथे आगपेट्यांचा व पुढे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक क्षेत्रे विकसित झाली. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सु. ५.०६ लक्ष, अंबरनाथची सु. २.५३ लक्ष व बदलापूरची सु. १.७४ लक्ष होती. त्यांपैकी बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये एक लक्षाहूनही कमी होती.

या वाढीचे शेतीवर चार परिणाम झाले. पहिला, रेल्वेमार्गालगतची सपाट खाचरे भराव घालून बिनशेती झाली. दुसरा, कारखान्यांत व शहरांत रोजगार उपलब्ध झाल्याने लावणी व कापणीच्या दिवसांत मजूर मिळेनासे झाले. दुसरीकडे कातकरी कुटुंबे भाताचा हंगाम संपताच वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. तिसरा, सांडपाणी व औद्योगिक दूषित पाणी यांमुळे वालधुनी जवळजवळ गटार बनली, तर उल्हासच्या संथ पात्रात जलपर्णी माजू लागली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये या दोन्ही नद्यांच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व नगरसंस्था यांना जबाबदार धरले. चौथा परिणाम पुराचा होय. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत बदलापूर व कल्याण परिसरात उल्हासच्या पुराने मोठी हानी झाली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान रुळांवर पाणी आल्याने महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली व सु. एक हजार प्रवाशांना नौका इ. साधनांनी बाहेर काढावे लागले.

आखणीची तत्त्वे : या परिस्थितीत शाश्वत कृषिपद्धतीच्या आखणीस पुढील तत्त्वे आधारभूत मानता येतात : (१) विविधता—पिकांची, जातींची व उत्पन्नाच्या मार्गांची; (२) द्रव्यांचे चक्र पूर्ण करणे, म्हणजे शेतातून व नगरातून बाहेर पडणारी पोषकद्रव्ये पुन्हा मातीत नेणे; (३) जमिनीची कमीत कमी उलथापालथ व तिच्यावर कायम आच्छादन; (४) पाण्याचा वेग कमी करून ते जागीच मुरवणे; (५) श्रमाची बचत; आणि (६) जमिनीच्या हक्काची निश्चिती. यांपैकी शेवटची दोन तत्त्वे तांत्रिक पुस्तकांत बहुधा गौण मानली जातात. या खोऱ्यात मात्र तीच निर्णायक ठरतात.

भातशेतीतील सुधारणा : कर्जत येथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र हे दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) भातसंशोधनाचे प्रमुख केंद्र होय. तेथे निघालेल्या जातींपैकी कर्जत-१८४, कर्जत-३ व कर्जत-७ या हळव्या, कर्जत-५ ही निमगरवी आणि कर्जत-२ ही गरवी आहे. एकाच शेतकऱ्याने वेगवेगळ्या मुदतीच्या जाती लावल्यास हवामानाचा धोका विभागला जातो. सप्टेंबरअखेरीस पाऊस लांबल्यास कापणीस आलेले हळवे भात भिजते, परंतु गरवे बचावते. पाऊस लवकर थांबल्यास गरव्यास ताण पडतो, तर हळवे पदरात पडलेले असते. खार जमिनीसाठी पनवेल येथील केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २ व ३ या जाती उपयुक्त आहेत. पुराखाली बुडणाऱ्या भातासाठी ‘सब-१’ या जनुकाचा शोध (२००६) महत्त्वाचा ठरला. हे जनुक घातलेली स्वर्णा-सब-१ ही जात भारतात २००९ मध्ये प्रसारित झाली असून तिची रोपे सु. दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा फुटतात. स्थानिक पसंतीच्या जातींत हा गुण आणणे ही नदीकाठच्या शेतीची एक गरज आहे.

मशागतीच्या बाबतीत ‘चारसूत्री’ पद्धत उल्लेखनीय आहे. डॉ. नारायण सावंत यांनी ती प्रचारात आणली. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत व पेंढा खाचरात मिसळणे, हेक्टरी सु. ३ टन गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडणे, १५ व २५ सेंमी. अशा आलटून पालटून अंतरावर नियंत्रित लावणी करणे आणि चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंमी. खोल खोचणे ही तिची चार सूत्रे होत. प्रत्येक गोळीमागे ४० × ४० सेंमी. क्षेत्र येत असल्याने हेक्टरी ६२,५०० गोळ्या लागतात, २.७ ग्रॅ. वजनाच्या गोळ्यांचे एकूण वजन सु. १७० किग्रॅ. भरते. पाण्यावर फेकलेल्या युरियातील निम्म्याहून अधिक नायट्रोजन वाहून किंवा उडून जातो. खोल खोचलेला मात्र चिखलात धरून ठेवला जातो. राखेतील सिलिकेमुळे रोपे ताठ व निरोगी होतात. गिरिपुष्प बांधावरच वाढत असल्याने राबासाठी जंगलात जाण्याची गरजही उरत नाही. मुबलक श्रमाची अपेक्षा ही या पद्धतीची मर्यादा होय.

श्रमाचा प्रश्न ‘सगुणा भात तंत्र’ या पद्धतीत वेगळ्या रीतीने सोडवला आहे. कर्जत तालुक्यातील नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ते विकसित केले. यात एकदाच सु. एक मीटर रुंद माथ्याचे गादीवाफे तयार करतात. पुढे नांगरणी, चिखलणी व लावणी करीत नाहीत. लोखंडी साच्याने २५ × २५ सेंमी. अंतरावर छिद्रे पाडून त्यांत बी टोकतात. कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच राहू देतात. ती कुजून सेंद्रिय कर्ब व जलवाही पोकळ्या निर्माण होतात. त्याच वाफ्यांवर रब्बीत वाल, हरभरा वा मूग घेता येतो. चिखलणी टळल्याने इंधन व श्रम वाचतात, तसेच साचलेल्या पाण्यातील सूक्ष्मजंतूंच्या क्रियेमुळे निर्माण होणारा मिथेन वायूही घटतो. तणांच्या बंदोबस्तासाठी तणनाशकावर विसंबावे लागणे हा या तंत्रावरील मुख्य आक्षेप आहे. आच्छादन, वालासारखी झाकपिके व हाताने चालणारी कोळपी यांच्या साह्याने हे अवलंबन कमी करणे हा संशोधनाचा विषय ठरतो. [→ भात].

खाचर आणि पूरनियंत्रण : भातखाचर हे अन्न पिकवणारे क्षेत्र तर आहेच, शिवाय ते एक उथळ जलाशयही आहे. बांधाची उंची १५ सेंमी. व खाचरात आधीचे पाणी ५ सेंमी. धरल्यास आणखी १० सेंमी. पाणी मावते, म्हणजे हेक्टरी १,००० घ. मी. या हिशोबाने १,००० हे. खाचरे दहा लक्ष घ. मी. पाणी काही काळ थोपवू शकतात. तीच जमीन भराव घालून फरसबंद केल्यास पाणी तत्काळ नाल्यात उतरते आणि भरावामुळे पुराचे पात्रही आक्रसते. जपानमधील निइगाता प्रांतात २००२ पासून खाचरांच्या निचऱ्याच्या तोंडाशी छिद्र असलेली फळी बसवून मुसळधार पावसाचे पाणी सावकाश सोडण्याची पद्धत योजिली जात आहे. तीस तेथे ‘भातखाचराचे धरण’ असेच म्हणतात. अर्थात खाचरे एकदा काठोकाठ भरल्यावर त्यांचा उपयोग संपतो. त्यामुळे २००५ सारखा महापूर त्यांनी टळणार नाही. परंतु वारंवार येणाऱ्या मध्यम पुरांचा माथा खाली आणण्यास ती साह्यभूत होतात.

नदीच्या निळ्या पूररेषेच्या (सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी) आतील जमीन शेतीखालीच राखणे म्हणूनच नगराच्या हिताचे आहे. तथापि हा लाभ शहरवासीयांना आणि जमीन न विकण्याचा तोटा शेतकऱ्यास, अशी वाटणी न्याय्य ठरत नाही. पाणी थोपवण्याच्या सेवेबद्दल शेतकऱ्यास दरसाल मोबदला देणे किंवा विकासहक्क अन्यत्र हस्तांतरित करू देणे हे यावरील दोन मार्ग होत.

वरकस जमीन व फळझाडे : उतारावरील जमिनीत समपातळीतील चर, गवताचे पट्टे व फळझाडे यांची सांगड घातल्यास धूप थांबते व भूजल वाढते. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीमुळे कोकणात आंबा व काजू यांचे क्षेत्र वाढले. या परिसराचे स्वतःचे फळ मात्र जांभूळ होय. बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जांभळाचे झाड काही काळ साचलेले पाणी सहन करते, त्याची मुळे नदीचा काठ धरून ठेवतात आणि त्यास फारशी निगा लागत नाही. फळ पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पैसा नसताना विक्रीस येते; आदिवासी स्त्रियांना त्या दिवसांत ते रोख मिळवून देते. फळ नाशवंत असणे, झाड उंच व फांद्या ठिसूळ असल्याने तोडणी धोक्याची असणे आणि जुनी झाडे बांधकामासाठी तोडली जाणे या त्यातील अडचणी होत. बुटकी कलमे, गर व बियांची पूड यांवरील लहान प्रक्रिया-उद्योग व जुन्या झाडांची नोंद या उपायांनी त्या बऱ्याच अंशी दूर होऊ शकतील. मानांकनाने नाव टिकते. झाड टिकवण्याची तजवीज वेगळी करावी लागते.

नागरी सांडपाणी व खत : दरडोई १३५ लि. पाणीपुरवठा व त्यापैकी ८० टक्के पाणी सांडपाण्याच्या रूपाने परत येते असे धरल्यास, २०११ च्या लोकसंख्येवरूनच तिन्ही नगरांतून दररोज सु. दहा कोटी लिटर, म्हणजे एक लक्ष घ. मी. सांडपाणी निघते. भाजीपाल्यास दिवसाला ५ मिमी. पाणी लागते असे मानल्यास (हेक्टरी ५० घ. मी.) एवढ्या पाण्यावर सिद्धांततः २,००० हे. क्षेत्र कोरड्या ऋतूत भिजू शकते. या पाण्यात नायट्रोजन व फॉस्फरसही असतात. नदीत जलपर्णी पोसणारी हीच द्रव्ये शेतात खत ठरतात. कोलकात्याच्या पूर्वेकडील सु. १२,५०० हे. पाणथळ प्रदेशात शहराच्या सांडपाण्यावर मत्स्यपालन व भाजीपाला यांची परंपरा दीर्घकाळ चालत आली असून २००२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

तथापि या खोऱ्यात त्याचे सरळ अनुकरण धोक्याचे आहे. येथे घरगुती सांडपाण्यात औद्योगिक द्रव्ये मिसळतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम इ. जड धातू प्रक्रियेने सहजासहजी निघत नाहीत व पालेभाज्यांत साठतात. मुंबई उपनगरांत रेल्वेमार्गालगत नाल्याच्या पाण्यावर पिकवलेल्या भाज्यांविषयी याच कारणाने चिंता व्यक्त होत आली आहे. म्हणून औद्योगिक पाण्याचा मार्ग पूर्णतः वेगळा करणे ही पहिली अट होय. त्यानंतर प्रक्रिया केलेले पाणी प्रथम फुलझाडे, चारा, रोपवाटिका व वृक्ष यांस द्यावे, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस देऊ नये, ते ठिबकने मुळांशी सोडावे आणि माती व पाणी यांची नियमित तपासणी करावी, असा क्रम सुरक्षित ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वेही अशाच एकामागून एक अडसरांची शिफारस करतात. ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट हा त्यामानाने सोपा मार्ग आहे; मात्र कचरा घराघरांतून वर्गीकृत होऊन आला, तरच ते खत शेतात घालण्याजोगे होते. [→ कंपोस्ट, वाहितमल व औद्योगिक अपशिष्ट].

आर्थिक व सामाजिक बाजू : शेतजमिनीचा बिगरशेती भाव आणि भाताचे उत्पन्न यांत या परिसरात इतकी तफावत आहे की, केवळ उत्पादनवाढीने जमीन शेतीखाली राहणे अवघड आहे. त्यातच हक्काची अनिश्चितता असेल, तर बांध घालणे, झाडे लावणे किंवा माती सुधारणे यांसारखी दीर्घ मुदतीची कामे कोणी हाती घेत नाही. कल्याण व अंबरनाथ यांच्या दरम्यान नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीवरून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे हिंसक वळण लागलेले आंदोलन झाले. जमिनीच्या हक्काचा प्रश्न सात दशकांनंतरही किती ज्वलंत राहू शकतो, याचे ते निदर्शक होय. सामाईक अवजारे व रोपवाटिका, शेतकऱ्यांचे उत्पादक गट, रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचणारी शहरी बाजारपेठ, हातसडीचा तांदूळ, कडवे वाल व रानभाज्या यांची थेट विक्री आणि कृषिपर्यटन ही उत्पन्नवाढीची साधने येथे उपलब्ध आहेत. त्यांचा लाभ जमीनधारकांप्रमाणेच भूमिहीन कातकरी व ठाकूर कुटुंबांस मिळाला, तरच लावणीला व कापणीला माणसे उरतील.

मूल्यमापन : वरील घटकांपैकी एकही स्वतंत्रपणे पुरेसा नाही. सुधारित जात पुरात तगली, तरी दूषित पाण्यात तिचे धान्य आरोग्यकारक होणार नाही. पाणी शुद्ध झाले, तरी खाचरच उरले नाही तर त्याचा उपयोग नाही. कृषिपद्धतीचे यश हेक्टरी उत्पादनावरून मोजण्याचा रूढ प्रघात त्यामुळे अपुरा ठरतो. वाईटात वाईट हंगामात कुटुंबाच्या हाती काय उरले, मातीतील सेंद्रिय कर्ब वाढला की घटला, विहिरीची उन्हाळ्यातील पातळी किती राहिली आणि घरातील तरुणांपैकी कोणी शेती पुढे चालवण्यास तयार आहे की नाही, ही मापे अधिक अर्थपूर्ण होत. उल्हास खोऱ्यात अन्न, पाणी व पुरापासून संरक्षण या तिन्ही गोष्टी नगरांना एकाच भूमीतून मिळतात. शेतीचे नियोजन नगररचनेपासून वेगळे ठेवण्याची प्रथा सोडून दोहोंचा एकत्र आराखडा करणे, ही या प्रदेशातील शाश्वत शेतीची पहिली पायरी ठरते.